घरच्या दिवाणखान्यात लोकसंगीताची बैठक: नाशिकमध्ये कोणी भरवली आहे का?

गोदाकाठची

नमस्कार. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमचे जुने बैठे घर आहे. दिवाणखाना साधारण 14 फूट रुंद आणि 22 फूट लांब आहे, मागे फरशी घातलेले अंगण आहे आणि सासूबाईंच्या काळापासून जपलेल्या चार मोठ्या सतरंज्या आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी 30-35 माणसांना बोलावून घरातच लोकसंगीताची बैठक भरवावी, असे आम्हा दोघांच्या मनात वर्षभर घोळत आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर ज्या पंचवटीत आश्रम काढून राहिले, त्या गावाला शास्त्रीय संगीताच्या घरगुती बैठकांचे नावीन्य नाही. परंतु गोंधळी, वाघ्या-मुरळी, शाहीर किंवा सुरगाणा-पेठकडचे थाळीवर कथा लावणारे यांना घरी बोलावून, मध्ये ध्वनिवर्धक न ठेवता, हाताच्या अंतरावरून ऐकण्याची बैठक माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

हे मनात येण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. मागच्या वर्षी भाच्याच्या लग्नानंतर कार्यालयातच गोंधळ घातला. पलीकडे पंगत चालू होती, संबळाला ध्वनिक्षेपक लावला होता, आणि व्यवस्थापकाने वेळेची आठवण करून दिल्यामुळे सारा कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपला. शब्द एकही कळला नाही. नंतर हात धुण्याच्या जागेपाशी गेले, तर त्यांतले एक वयस्कर गोंधळी आमच्या आत्याबाईंसाठी, केवळ त्यांनी आग्रह केला म्हणून, भिंतीला टेकून तुणतुण्यावर दोन कडवी म्हणत होते. तार छेडताना त्यांच्या नखाखालची हळद दिसत होती, आणि आवाज असा होता की नळ चालू ठेवण्याची कोणाची हिंमत झाली नाही. अर्ध्या तासाच्या गोंधळातले मला काही आठवत नाही; ती दोन कडवी मात्र आठवतात.

माझे प्रश्न तीन आहेत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटे रुग्णालय आहे आणि दोन्ही बाजूंना चार मजली इमारती आहेत. अशा ठिकाणी आवाजाचे काय करावे? कलाकारांचे मानधन कसे ठरवावे आणि येणाऱ्यांकडून पैसे घ्यावेत की नाही? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा, की घरात कोणतेही कार्य नसताना, केवळ ऐकण्यासाठी गोंधळ किंवा जागरण घालणे योग्य आहे काय? सासूबाईंचे मत आहे की देवीला असे उगाच बोलावू नये.

मखमलाबादचा

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे प्रश्न त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. आमच्या मळ्यातल्या घरी आम्ही आतापर्यंत तीन वेळा गोंधळ्यांची बैठक केली. पहिल्या वेळी हाच पेच आमच्यापुढे होता. मी तो पेच घरातल्या घरात सोडवत बसलो होतो. शेवटी वडील म्हणाले, ज्याचे काम त्यालाच विचार. गोंधळ्यांच्या नायकाला विचारले, तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता उत्तर दिले: “चौक मांडला, तर आरती झाल्याबिगर कुणाला उठता यायचं नाही. नुसतं ऐकायचं असेल, तर चौक मांडू नका, आख्यान ऐका.”

ज्यांनी पूर्ण गोंधळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंधळात प्रथम चौक मांडतात, त्यात धान्य, कलश, विड्याची पाने येतात, वर उसाची किंवा धाटांची चौकट उभी करतात आणि दिवटी पेटवतात. मग गण होतो आणि त्यानंतर देवदेवतांना गावोगावच्या नावांनिशी आवतण दिले जाते. तुळजापूर आणि माहूर तर असतातच, पण आमच्या भागातला नायक वणीची सप्तशृंगी आणि चांदवडची रेणुका यांना विसरत नाही. हा पूर्वरंग. आख्यान उत्तररंगात येते, आणि तेथे नायक व साथीदार यांची प्रश्नोत्तरे, कोपरखळ्या, मध्येच गाणे, पुन्हा कथा असा खेळ रंगतो. शेवटी आरती. आपण ज्याला संगीत म्हणतो ते या सगळ्यात विरघळलेले असते, आणि म्हणून त्यातून दीड तासाचा तुकडा कापून द्या असे सांगणे म्हणजे पुरणपोळीतले फक्त पुरण वाढा म्हणण्यासारखे आहे. ते मिळते, परंतु करणाऱ्याला बरे वाटत नाही.

आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिले. एकदा चैत्रात कुळाचार म्हणून पूर्ण गोंधळ घातला आणि परिचितांना त्याला बोलावले. आलेल्यांना आधीच कळवले होते की हे कार्य आहे, चपला बाहेर राहतील आणि आरतीपर्यंत थांबावे लागेल. इतर दोन वेळा चौक न मांडता केवळ आख्यान आणि वाद्यांची ओळख अशी बैठक झाली. आपल्या सासूबाईंचा आक्षेप पहिल्या प्रकाराला आहे, दुसऱ्याला बहुधा नसावा. पण त्यांना नायकाशी प्रत्यक्ष बोलू द्यावे, हे उत्तम. आमच्या आईचे समाधान माझ्या युक्तिवादाने झाले नाही. नायक रेणुराई आहेत, माहूरच्या रेणुकेचे, आणि आमचे कुलदैवतही तेच, हे कळल्यावर झाले. (कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे. बोलावताना ही चौकशी जरूर करावी, जुन्या माणसांना तिचे महत्त्व असते.)

आता खोलीविषयी. आपल्या दिवाणखान्याच्या मापात संबळ फार मोठा होतो, हे गृहीत धरा. दोन तोंडांची ती जोडी मोकळ्या पटांगणात, रात्रीच्या वेळी, दूरच्या आळीपर्यंत ऐकू जावी अशाच बेताने घडलेली आहे. पहिल्या बैठकीत मी संबळवाल्यांना सर्वांच्या मधोमध बसवण्याचा शहाणपणा केला. गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, भिंती मोकळ्या. छडी पडली की आवाज चारही बाजूंनी परत येत होता आणि नायकाचे शब्द त्यात बुडत होते. मी त्यांना जरा हळू वाजवण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितले की हळू वाजवला तर संबळ बोलत नाही. शेवटी त्यांनीच उपाय काढला: ते स्वतः मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर, अंगणाकडे तोंड करून उभे राहिले, नायक आणि तुणतुणे आत राहिले, आणि घरातल्या सगळ्या गोधड्या आम्ही समोरच्या भिंतीवरच्या खुंट्यांना टांगल्या. फरक इतका पडला की मागे बसलेल्या आजोबांनी कान मोकळे झाल्याचे जाहीर केले. तेव्हापासून गोधड्या हा आमच्या बैठकीचा ठरलेला पडदा आहे.

पावसाळ्यात मात्र चर्मवाद्यांची बैठक ठेवू नका. आषाढात शाहीर बोलावले होते; दमट हवेने डफाचे कातडे इतके सैल पडले की दर दोन कवनांनंतर तो स्वयंपाकघरात नेऊन गॅसच्या आचेवर धरावा लागत होता.

डेसिबल

आवाजाच्या नियमांबद्दल थोडे लिहितो, कारण या विषयावर ऐकीव माहितीच अधिक फिरते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. ध्वनिवर्धक वापरायचा असेल तर लेखी परवानगी लागते. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. आपण ध्वनिवर्धक वापरणारच नाही, हे चांगलेच आहे, परंतु त्यामुळे सगळे प्रश्न संपत नाहीत.

मुद्दा आपल्या गल्लीतल्या रुग्णालयाचा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तसा तो जाहीर असेल तर मर्यादा दिवसा 50 व रात्री 40 डेसिबल इतकी खाली येते. शिवाय, शांतता क्षेत्रात काय करू नये हे सांगणाऱ्या नियमात केवळ ध्वनिवर्धकाचा उल्लेख नाही. संगीत वाजवणे आणि ढोल बडवणे यांचाही आहे. त्यामुळे “आम्ही तर यंत्र लावलेच नव्हते” हा बचाव तेथे टिकणार नाही. आपले घर त्या हद्दीत येते का, हे पोलीस ठाण्यात किंवा महानगरपालिकेत विचारून घ्यावे. येत असेल, तर मखमलाबादकरांनी सुचवलेला उंबऱ्याबाहेरचा संबळ आपल्याकडे चालणार नाही, कारण अंगणात उभा केलेला संबळ त्यांच्याकडे मळ्याच्या दिशेने वाजत होता आणि आपल्याकडे तो रुग्णालयाच्या खिडक्यांच्या दिशेने वाजेल.

नियमापेक्षाही मला वेळ महत्त्वाची वाटते. खंडोबाचे जागरण रात्रभर चालते, शेवटी लंगर म्हणजे लोखंडी साखळी तुटेपर्यंत पहाट होते, हे खरे. पण शहरातल्या बैठकीसाठी संध्याकाळी 5 ला सुरुवात करून साडेसातला उठावे. शेजाऱ्यांना तक्रारीची संधी मिळण्याआधी निमंत्रण मिळावे. आमच्या इमारतीत एका गृहस्थांनी घरगुती भजनावर तीन वेळा हरकत घेतली. चौथ्या वेळी त्यांना पुढच्या रांगेत बसवले, तेव्हापासून तेच चहाचे बघतात.

पैशांबाबत एवढेच सांगतो की जाहिरात करून तिकीट लावले, की घरगुती बैठकीचा सार्वजनिक कार्यक्रम होतो आणि परवान्यांचे प्रश्न सुरू होतात. निमंत्रण ओळखीच्यांपुरते ठेवावे, पत्ता कोठेही जाहीर टाकू नये, आणि वर्गणी ऐच्छिक असावी.

आजीचे जाते

आपल्या यादीत सगळे व्यावसायिक कलाकार आहेत, म्हणून एक वेगळी सूचना करते. लोकसंगीताचा मोठा भाग असा आहे, ज्याला घराबाहेर कधीच मंच नव्हता. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्यांपैकी कोणी स्वतःला गायिका म्हणवून घेतले असेल असे मला वाटत नाही. आमच्या इंदिरानगरच्या घरी मी आईच्या चार मैत्रिणींना बोलावले. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, दिंडोरी आणि निफाडकडच्या. “गा” म्हटल्यावर कोणीही गायले नाही. सगळ्यांनी आवाज बसल्याचे सांगितले, एकमेकींकडे बोट दाखवले आणि चहा घेतला.

मग मी माळ्यावरचे जाते काढायला लावले, खाली पोते अंथरले आणि ज्वारीचे सूप पुढे ठेवले. दोघी समोरासमोर बसल्या, खुंट्याला दोघींचे हात लागले, पहिली मूठ आत गेली आणि चार फेऱ्यांत पाळूने लय धरली. त्यानंतर ओव्या थांबवाव्या लागल्या. मला तेव्हा कळले की त्यांना ओव्या आठवत नव्हत्या असे नाही. ओवीची ओळ जिथे तुटते, तिथे हाताला झोका हवा असतो, आणि तो नसला की पुढचा शब्द येत नाही. भावावरच्या ओव्यांना एक मावशी रडल्या, जावेवरच्या ओव्यांना सगळ्या हसल्या. श्रोते म्हणून आम्ही अकरा जणी होतो. आणखी माणसे असती, तर त्या इतक्या मोकळ्या झाल्या नसत्या.

फजिती एकच झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. जात्याची घरघर पोत्यातून आणि स्लॅबमधून थेट खालच्या घरात पोचली, आणि खालचे काका दुरुस्तीचे यंत्र कोणी लावले आहे ते पाहायला वर आले. आपले घर बैठे आहे, हे आपले भाग्य. तरीही पोत्याखाली जुनी गादी घाला.

देशवंडी फाटा

वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि आवडले, तरी दोन बाबतींत मी असहमत आहे.

एक म्हणजे, लोकसंगीत म्हटले की आपण सगळे लगेच देवीच्या दारात जातो. नाशिकमध्ये राहून लोककवी वामनदादा कर्डकांचे नाव या चर्चेत अजून आले नाही, याचे मला नवल वाटते. ते आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म 1922 चा, आणि 2004 साली नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. ज्या गावात 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या गावाच्या पंचक्रोशीत भीमगीते गाणारे आजही आहेत, आणि एक ढोलकी, एक पेटी व समोर दोन ओळी बसलेली माणसे एवढ्यात त्यांची बैठक उभी राहते. ही गाणी घरात, वस्तीत, जयंतीच्या आदल्या रात्री माणसे जमवून गायली गेली आहेत. यांना बोलावल्यास चौक मांडावा की नाही हा प्रश्नच येत नाही. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी: पारंपरिक ओवी किंवा नाथांचे भारूड यांवर कोणाचा हक्क नाही, परंतु वामनदादांच्या रचनांचे हक्क कायद्याने 2064 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे राहतात, म्हणून बैठकीचे चित्रण करून महाजालावर टाकण्यापूर्वी विचारावे. चित्रणाबद्दल गायकालाही विचारावे, हे वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

बैठकीच्या लावणीचाही कोणी उल्लेख केला नाही. बसून, तबला-पेटीच्या साथीने, एकेका ओळीवर दहा प्रकारे अदा करत गायची ही लावणी मुळातच दिवाणखान्याची आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री मिळाली आणि 2018 साली त्या गेल्या. त्यांचे गाणे ज्यांनी समोर बसून ऐकले, त्यांना मोठ्या रंगमंचावरची लावणी फिकी का वाटते ते ठाऊक आहे. लावणी घरी ठेवली तर शेजारी नाके मुरडतील, हे मी जाणतो. मुरडू द्यावीत.

दुसरी असहमती ऐच्छिक वर्गणीबद्दल आहे. श्रोत्यांची वर्गणी ऐच्छिक ठेवा, पण कलाकाराची बिदागी ऐच्छिक ठेवू नका. शास्त्रीय गायकाला बोलावताना आपण आधी आकडा विचारतो; गोंधळी किंवा शाहीर बोलावताना मात्र “घरचेच कार्य आहे, समजून घ्या” म्हणतो आणि आरतीच्या ताटात पडेल त्यावर भागवतो. मी स्वतः सोळा वर्षे ढोलकीची साथ केली आहे. एका प्रतिष्ठित घरात दोन तास वाजवल्यावर आम्हा पाच जणांना एक नारळ, एक शाल आणि “तुमची कला फार लोकांपर्यंत पोचली” एवढे वाक्य मिळाले. परतीच्या गाडीचे भाडे आम्ही खिशातून भरले, आणि शाल कोणी घ्यावी यावर गाडीत वाद झाला तो निराळाच. म्हणून माझे सांगणे असे की आकडा आधी ठरवावा, त्यात जाण्यायेण्याचा खर्च वेगळा धरावा, पाकीट बैठक सुरू होण्यापूर्वी नायकाच्या हाती द्यावे, आणि वर्गणी कमी पडली तर यजमानाने ती आपल्या खिशातून भरावी. आरतीत पडेल ते त्यांचेच, ते हिशेबात धरू नये. एवढी तयारी नसेल तर वर्षाला सहा बैठकांऐवजी दोन कराव्यात.

जेवणही आधी विचारून ठेवावे. गाण्याआधी पोटभर जेवणारा कलाकार मी पाहिलेला नाही, आणि गाण्यानंतर उपाशी परतलेले पुष्कळ पाहिले आहेत.

मखमलाबादचा

देशवंडीकरांचे बिदागीबद्दलचे म्हणणे पूर्ण मान्य. आम्ही पहिल्या वेळी तीच चूक केली होती, आणि वर लिहिताना ती सोयीस्करपणे गाळली.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. या चार दिवसांत पुष्कळ गोष्टी झाल्या. रुग्णालयापर्यंतचे अंतर यजमानांनी काल पावलांनी मोजले. ते 100 मीटरच्या आतच भरते. शांतता क्षेत्राची चौकशी चालू आहे, परंतु उत्तर काहीही आले तरी तेथे रुग्ण झोपलेले असताना या घरात संबळ वाजवायचा नाही, असे आम्ही ठरवले. म्हणजे गोंधळासाठी मखमलाबादकरांच्या मळ्याचीच वाट धरावी लागणार. त्यांनी बोलावले तर सासूबाईंसह येऊ.

पहिली बैठक थाळीवरच्या कथेची करावी असे मनात आहे. पेठ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने तेथील कोकणा समाजातल्या एका वयस्कर कथेकऱ्यांशी बोलणे करून दिले. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि ओल्या बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायचे. थाळीतून भुंग्यासारखा एकसारखा सूर निघतो आणि त्यावर कथा चालते. तो सूर मी दूरध्वनीवरही ऐकला. रुग्णालयाला त्याचा त्रास होणे शक्य नाही. उलट, रस्त्यावरच्या गाड्यांनी आम्हालाच त्रास होऊ नये म्हणून गोधड्या आता खिडक्यांना लावाव्या लागतील.

मात्र येथेही मखमलाबादकरांचाच धडा उपयोगी पडला. कोणती कथा सांगाल असे विचारता ते म्हणाले की थाळी मुख्यतः माणूस गेल्यानंतरच्या विधीत लागते, त्या कथा भरल्या घरात लावत नाहीत. धान्याची देवी कणसरी, तिची कथा लावता येईल, पण त्यासाठी समोर नवे धान्य ठेवावे लागेल. आकडा त्यांनी सांगितला, तो आम्ही मान्य केला, आणि पेठहून येण्याजाण्याच्या गाडीचे वेगळे ठरवले. ते एकटे येणार नाहीत, झील धरणारे, म्हणजे मागून ध्रुवपद ओढणारे, दोघे बरोबर असतील, आणि जेवण कथेनंतर, नाचणीची भाकरी असेल तर उत्तम, असा निरोप आहे.

सासूबाईंनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि नवे धान्य म्हणजे भात की नागली, एवढेच विचारले. ते मी विचारायचे विसरले होते; आज संध्याकाळी पुन्हा दूरध्वनी करते.